डोळ्यांत वाळू, तोंडाला कोरड

तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या कोल्हापुरात एखादी बाई भाकरीच्या प्रत्येक घासामागे पाण्याचा घोट घेते, तिखट झोंबतं म्हणून रश्श्याची वाटी बाजूला सारते. घरचे म्हणतात, वय झालं. पण हा शोग्रेन सिंड्रोम असू शकतो.

यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३च्या प्रबंधात अशा १९ स्त्रियांच्या नोंदी मांडल्या. दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रियाच असतात, बहुतेक चाळिशी-पन्नाशीच्या. डोळे खुपतात, सांधे दुखतात, झोपूनही थकवा जात नाही. लाळ दातांची राखण करते. ती आटली की दात भराभर किडतात.

तपासणीची सुरुवात अगदी साधी आहे. खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी पाच मिनिटं अडकवतात. ती ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली, तर अश्रू अपुरे. पुढे रक्तातली अँटी-रो प्रतिपिंडं पाहतात, गरज पडल्यास खालच्या ओठाच्या आतून छोटा तुकडा काढून तपासतात. ही प्रतिपिंडं असतील तर गरोदरपणी डॉक्टरांना आवर्जून सांगा. क्वचित बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो.

आजार मुळासकट जात नाही, पण कृत्रिम अश्रू, लाळ वाढवणारी पायलोकार्पिनची गोळी आणि नियमित तपासणीने आटोक्यात राहतो. कानापुढची, गालाची सूज टिकून राहिली तर मात्र थांबू नका. काही रुग्णांत पुढे लसीका ग्रंथींचा कर्करोग होतो. तीन महिन्यांहून जास्त कोरड असेल, तर कोल्हापुरातल्या सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात डोळे आणि दात दोन्ही दाखवा.