मोडलेली नडगी आणि ढोबळी मिरची

या रे सगळे, बसा गोलात. पण खोक्यावर रेलू नका, आणि आतल्या गिनीपिगला उचलू तर मुळीच नका. पाय अजून कच्चा आहे त्याचा. खालचं बिऱ्हाड हललं आणि हे ध्यान पिंजऱ्यासकट पार्किंगमध्ये राहिलं, ते तुम्हीच वर घेऊन आलात. पिंजऱ्याला तळ म्हणून नुसती तारेची जाळी. तिच्या फटीत मागचा पाय अडकला आणि नडगीला तडा गेला. नीट बघा, पुढच्या पायाला चार बोटं आहेत आणि मागच्याला तीनच. असल्या नाजूक पावलांना दिवसरात्र तारेवर उभं करणाऱ्याला काय म्हणावं!

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला. हाड जागचं सरकलं नव्हतं, म्हणून मऊ पट्टी, दुखणं थांबवणारे थेंब आणि छोट्या जागेत सक्तीची विश्रांती एवढ्यावर निभावलं. निघताना बाई म्हणाल्या, "रोज ढोबळी मिरची द्या. लाल मिळाली तर उत्तम." तुमची आजी माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मोडल्या हाडाला मिरची?

खरी गोष्ट इथून पुढे आहे.

हाड म्हणजे नुसतं कॅल्शियम नव्हे. तसं असतं तर पहिल्याच उडीला त्याचा भुगा झाला असता. हाडाच्या आत कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे चिवट धागे असतात आणि कॅल्शियमचे क्षार त्या धाग्यांवर बसतात. हाड मोडलं की शरीर तिथे आधी धाग्यांचा मऊ सांधा तयार करतं. तो टणक व्हायला पुढे कितीतरी आठवडे जातात. आता हा कोलॅजेनचा धागा कसा असतो? ताईच्या वेणीसारखा. तीन पेड, एकमेकांभोवती पिळलेले.

ही वेणी उलगडून दाखवली ती जी. एन. रामचंद्रन या शास्त्रज्ञांनी, 1954 साली मद्रासमध्ये, गोपीनाथ कर्ता यांच्या जोडीने. क्ष-किरणांनी फोटो काढायला त्यांनी घेतली होती कांगारूच्या शेपटीतली कंडरा. हसू नका, खरंच सांगतोय. आणि हे रामचंद्रन आपल्या बंगळूरच्याच टाटा इन्स्टिट्यूटमध्ये सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली शिकलेले. पुढे 1971 साली तिथेच त्यांनी रेणवीय जीवभौतिकीचा विभाग उभा केला. मल्लेश्वरमहून यशवंतपूरकडे जाताना ती दाट झाडी लागते ना, तीच संस्था.

तर वेणी. तिच्या पेडांवर जागोजागी ऑक्सिजन आणि हायड्रोजनची एकेक जोडी चिकटवावी लागते. हे काम करणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, क जीवनसत्त्व लागतं. ते नसलं की जोडी चिकटत नाही, आणि मग वेणी अंगाच्या उबेनेच सुटते. म्हणजे हाड सांधणार कशाने?

आणि सांधलेलंही टिकत नाही, हे त्याहून भयंकर. कमोडोर अॅन्सन 1740 साली जगप्रदक्षिणेला निघाले. महिनोन्महिने ताजी भाजी नाही, फळ नाही. खलाशांना स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग, झाला, शेकड्यांनी माणसं मेली. त्या सफरीच्या वृत्तांतात एका म्हाताऱ्या शिपायाची हकीकत आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या लढाईतल्या त्याच्या जखमा, केव्हाच भरलेल्या, पुन्हा उघडल्या. आणि पूर्वी मोडून पक्कं सांधलेलं हाड परत सुटं झालं. शरीर जुने धागे सतत काढून नवे घालत असतं. नवे मिळेनासे झाले की जुना सांधाही ढासळतो.

आता गंमत बघा. आपला मोती कधी लिंबू खातो? घरातली मनी? खात नाहीत, कारण त्यांचं यकृत साखरेपासून क जीवनसत्त्व घरच्या घरी बनवतं. गाय, शेळी, उंदीर, सगळे बनवतात. आपल्याला येत नाही. बनवण्याच्या शेवटच्या पायरीला जे विकर लागतं त्याचा जनुक आपल्या पूर्वजांत सुमारे 6 कोटी वर्षांपूर्वी बिघडला. माकडांचंही तेच, काही वटवाघळांचंही. आणि दूर दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतातल्या या प्राण्याच्या घराण्यात तोच जनुक वेगळाच, आपापला बिघडला. हिरवं गवत भरपूर खाणाऱ्याचं त्यावाचून काही अडलं नाही, म्हणून बिघाड तसाच पुढे चालत आला.

नॉर्वेत 1907 साली होल्स्ट आणि फ्रोलिख या दोघा संशोधकांनी गिनीपिगांना नुसतं धान्य चारलं, तर त्यांना माणसांसारखाच स्कर्व्ही झाला. उंदरांवर प्रयोग केला असता तर हाती काहीच लागलं नसतं. पुढे हंगेरीत सेंट-ज्यॉर्जी यांनी 1932 च्या सुमारास आपल्याजवळचा पदार्थ गिनीपिगांवरच तपासला आणि तेच क जीवनसत्त्व निघालं. पण पदार्थ तुटपुंजा. एका रात्री बायकोने जेवायला लाल पॅप्रिका मिरची वाढली, ती खायची नव्हती म्हणून ते ती घेऊन प्रयोगशाळेत पळाले, असं त्यांनीच सांगितलंय. मिरचीत क जीवनसत्त्वाचा खजिना निघाला. 1937 चं नोबेल त्यांना मिळालं. बाईंनी मिरची का सांगितली, कळलं?

पेरूत ते याहूनही जास्त असतं, पण गोड असल्याने अगदी चिमूटभरच द्यायचा. पाण्यात गोळी विरघळवून ठेवू नका, पाण्यात ते लवकर नासतं. धडधाकट गिनीपिगला वजनाच्या दर किलोमागे रोज निदान 10 मिलिग्रॅम लागतं, दुखण्यात बरंच जास्त. किती ते बाई ठरवतील. आणि वाळलेलं गवत चोवीस तास समोर हवं. त्याचे दात जन्मभर वाढतात, ते गवतानेच झिजतात. शिवाय अर्धा दिवस जरी पोटात काही गेलं नाही तरी आतडं थंडावतं, आणि पायापेक्षा त्यानेच जीव जातो. म्हणून आजी रोज सकाळी स्वयंपाकाच्या काट्यावर त्याचं वजन करते. घटलं की फोन.

एक शेवटचं, आणि हे पक्कं लक्षात ठेवा. 25 मे 1940 रोजी ऑक्सफर्डमध्ये पेनिसिलिनची पहिली मोठी परीक्षा झाली ती आठ उंदरांवर, आणि औषध दिलेले चार वाचले. गिनीपिगला मात्र तेच पेनिसिलिन घातक ठरतं. त्याच्या आतड्यातले उपकारक जिवाणू मरतात आणि विषारी जिवाणू माजतात. तेव्हा ताप वाटो, पाय सुजो, आपल्या औषधांच्या डब्यातली कुठलीही गोळी त्याला द्यायची नाही. आधी जनावरांचा डॉक्टर.