मोगलीचा जनक, जन्माने मुंबईकर

रुडयार्ड किपलिंग (१८६५–१९३६)

जन्म : ३० डिसेंबर १८६५, मुंबई. वडील लॉकवूड किपलिंग जे. जे. कला महाविद्यालयात शिल्पकला शिकवत. क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारावरील उठावशिल्पे त्यांच्याच कल्पनेतली. महाविद्यालयाच्या आवारात आज दिसणारा ‘किपलिंग बंगला’ मात्र नंतर बांधलेला आहे.

बालपण : घरात आया आणि गडी यांच्याशी बोलणे हिंदुस्थानीत. १८७१मध्ये बहीण ट्रिक्ससह शिक्षणासाठी इंग्लंडला रवानगी. परक्या घरातली ती वर्षे अतिशय जाचाची गेली.

पत्रकारिता : १८८२मध्ये भारतात परत. आधी लाहोरच्या ‘सिव्हिल अँड मिलिटरी गॅझेट’मध्ये, मग अलाहाबादच्या ‘पायोनियर’मध्ये नोकरी. १८८९मध्ये भारत सोडला.

मुलांसाठी : ‘द जंगल बुक’ (१८९४), ‘द सेकंड जंगल बुक’ (१८९५), ‘जस्ट सो स्टोरीज’ (१९०२). ‘जंगल बुक’मधल्या मोगलीचे रान मध्य प्रदेशातल्या सिवनीचे. लेखन मात्र झाले अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये, बर्फाळ प्रदेशात. ‘किम’ ही कादंबरी १९०१ची.

सन्मान : १९०७चे साहित्याचे नोबेल, वयाच्या ४१व्या वर्षी. इंग्रजीत लिहिणारे ते पहिले नोबेल मानकरी.

दुसरी बाजू : साम्राज्यवादाचे उघड समर्थक. ‘द व्हाइट मॅन्स बर्डन’ (१८९९) या कवितेवर आजही कडक टीका होते.

आपल्याकडे : १९९०च्या दशकात दूरदर्शनवर हिंदीतून आलेल्या जपानी कार्टून मालिकेने मोगली महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचला. अनेक मुलांना तो लेखकाच्या नावाआधी ठाऊक झाला.