आतली कड

"बाहेरनं बघा की मामा, नक्षी आहे अजून," एर्टिगाचा ड्रायव्हर म्हणतो. मिस्त्री काही बोलत नाही. त्याला स्टिअरिंग पूर्ण फिरवायला लावतो, चाकापाशी उकिडवा बसतो आणि टायरच्या आतल्या अंगाला हात घालतो. हात बाहेर येतो तेव्हा बोटं काळी झालेली असतात. मग तो मोबाइलचा टॉर्च लावून ड्रायव्हरला बोलावतो. "इकडं ये. हे काय हाय?"

मीही वाकून बघतो. टायरची बाहेरची कड खरोखरच ठीक आहे, खाचा चांगल्या खोल आहेत. आत दोन बोटं रुंदीचा पट्टा मात्र साफ गुळगुळीत झालाय. त्या पट्ट्यात एका ठिकाणी रबर संपून कापडाचे धागे दिसतायत, आणि धाग्यांतून गंजलेल्या तारेचं टोक बाहेर आलंय. मिस्त्री ते टोक नखानं उचलतो. "उद्या कुठं निघालायस?"

"शिर्डी. तिथनं समृद्धीनं नागपूर. सात सीट."

मिस्त्री उठून उभा राहतो आणि हात पुसतो. "ह्या टायरवर न्हाय जायचं."

कराडच्या कोल्हापूर नाक्याच्या पुढं सेवारस्त्यावर हे दुकान आहे. हंगाम नुकताच सुरू झालाय, त्यामुळं समोरून उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर एकामागून एक जातायत. मध्येच टायरच्या बैलगाड्यांची रांग येते. महामार्गाच्या सहापदरीकरणाचं काम चालू असल्यानं रस्त्यावर खडी सांडलेली आहे, आणि पंक्चर काढणाऱ्या पोराला मान वर करायला उसंत नाही. मी माझ्या गाडीच्या बॅलन्सिंगसाठी आलोय. नंबर यायला वेळ आहे, म्हणून भिंतीशी टेकून ठेवलेले काढून टाकलेले टायर बघत बसतो.

गाडीत काय बिघडलंय ते टायरवर सगळं लिहिलेलं असतं. ज्याच्या दोन्ही कडा झिजल्यात आणि मधला भाग शाबूत आहे, तो कमी हवेवर पळालेला. मध्येच टक्कल पडलेला टायर जास्त हवेचा. एकाच्या घेरावर ठरावीक अंतरानं खड्डे पडल्यासारखे झालेत; त्या गाडीचे शॉकअप गेलेले असणार, नाहीतर बॅलन्सिंग कधी झालेलंच नसणार. आणखी एका टायरवरून मी एका दिशेनं हात फिरवतो तर सरळ सरकतो, उलट फिरवतो तर नक्षीच्या कडा करवतीच्या दातांसारख्या बोटाला लागतात. डोळ्यांना हे दिसत नाही, हातालाच कळतं. ही टोची गडबड. समोरची दोन चाकं एकमेकांना समांतर न राहता आत किंवा बाहेर वळलेली असली की टायर नुसता गोल फिरत नाही, जाता जाता आडवाही घासतो. हिशेब करून बघितला तर चाक पाव अंश जरी वाकडं असलं तरी किलोमीटरमागं चार मीटरांहून जास्त आडवं घासलं जातं. कराड ते पुणे एवढ्या एका फेरीत किती, ते ज्याचं त्यानं मोजावं.

बाजूच्या खुर्च्यांवर शाळेतले एक सर आणि मॅडम बसलेत. त्यांच्या वॅगनआरचे टायर मध्येच झिजलेत. मिस्त्री विचारतो, "सर, हवा किती भरता?"

"चाळीस. मायलेज मिळतं."

"मिळतंय की. पण वाचलेल्या पेट्रोलचं टायर घ्याय लागत्यात."

मॅडम हसतात, सर हसत नाहीत. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतं, त्यावर कंपनीनं हवेचा आकडा दिलेला असतो, असं मिस्त्री त्यांना दार उघडून दाखवतो. सर चष्मा लावून वाचतात. गाडी घेतल्यापासून ते स्टिकर तिथंच होतं. वर मिस्त्री हेही सांगतो की हवा गार टायरमध्ये बघायची. दहा-पंधरा किलोमीटर पळून आलेल्या गाडीत आकडा तीन-चारनं चढलेला असतो. तो बघून हवा काढली तर रात्री टायर थंड झाल्यावर कमीच राहते. पेट्रोलपंपावर फुकट हवा भरणारे आपण सगळे नेमकं हेच करतो, कारण पंप घरापासून लांब असतो.

एवढ्यात एक दहा चाकी ट्रक रस्त्याकडेला थांबतो. ड्रायव्हर उतरून लोखंडी टॉमीनं एकेका टायरवर ठोका देत फिरतो. मागच्या जोडचाकांपाशी तो वाकून आतल्या टायरवर दोनदा ठोका देतो. दोन्ही वेळा आवाज बद्द येतो. आतल्या टायरची हवा उतरली तर बाहेरून काही दिसत नाही, सगळा भार बाहेरचा टायर उचलतो आणि दोन्ही जातात. शिवाय दोघांच्या मध्ये दगड अडकलेला आहे. तो टॉमी घालून काढतो आणि हवेच्या नळीला हात घालतो. कुणाला काही विचारत नाही. या माणसाकडून कारवाल्यांनी शिकण्यासारखं आहे, पण कारवाला टायरकडं बघतो तो पंक्चर झाल्यावरच.

आता एर्टिगा अलाइनमेंटच्या पिटवर चढलीय. चारही चाकांना क्लॅम्प लावून पाट्या बसवल्यात, समोरचे कॅमेरे त्या पाट्या बघतात. पोरगा गाडी थोडी मागं-पुढं ढकलतो आणि पडद्यावर आकडे उमटतात. डाव्या पुढच्या चाकाचा चौकोन लाल आहे, टो बाहेर. मिस्त्री खाली उतरून टाय रॉडचं चेकनट सैल करतो, पान्यानं रॉड फिरवतो. लाल चौकोन हिरवा होतो. ड्रायव्हर सुटकेचा श्वास टाकतो.

"थांब. पुन्हा ढकल."

पोरगा पुन्हा गाडी ढकलतो. हिरवा चौकोन पुन्हा लाल. मिस्त्री पुन्हा जुळवतो, पुन्हा ढकलायला लावतो, आकडा पुन्हा हलतो. मग तो टॉमी लोअर आर्मच्या सांध्यात घालून दाबतो. मला खालून स्पष्ट दिसतं: बुशचं रबर फाटलंय आणि आर्म बोटभर सरकतोय.

"मागच्या टायमाला टायर घेतलंस तवा अलाइनमेंट केलंवतं?"

"केलंवतं की. कागूद पण दिला होता, समदं हिरवं."

"हिरवं हुणारच. उभ्या गाडीचं माप हाय ते. रस्त्यावर ब्रेक दाबलास की चाक जागा सोडतंय."

तो कागद देणारं दुकान कुठलं, ते कुणी विचारत नाही. पण माझं मत विचाराल तर सांधे न तपासता अलाइनमेंट करणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन त्याला रंगीत छपाई देणं. मशीन खोटं बोलत नाही, मात्र त्याला जेवढं विचारलं तेवढंच ते सांगतं.

ड्रायव्हर आता हिशेबावर आलाय. "मामा, उद्यापुरतं चालवतो. पाठीमागचं पुढं टाका, पुढचं पाठीमागं."

टायरची अदलाबदल करावी हे खरंच. पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या गाडीत वळणं, ओढणं आणि ब्रेकचा मोठा वाटा पुढच्याच टायरांवर येतो. म्हणून आठ-दहा हजार किलोमीटरांनी पुढचे मागे, मागचे पुढे केले तर चारही सारखे झिजतात. पण अदलाबदल चांगल्या टायरची करायची असते. तार दिसणाऱ्या टायरला गाडीत कुठंच जागा नाही, स्टेपनीतही नाही. कायद्यानं कारच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर हवी. नव्या टायरमध्ये ती साधारण आठ मिलिमीटर असते आणि खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे ठेवलेले असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला, मग तो एकाच कडेला का असेना. २०२३ मध्ये समृद्धी महामार्गाच्या प्रवेशावर आरटीओनं टायर तपासून गोटा टायरच्या गाड्या परत पाठवल्या होत्या, हे ड्रायव्हरलाही ठाऊक आहे. १२० च्या वेगानं तापलेल्या काँक्रीटवर तासन्‌तास पळताना त्या तारेचं काय होईल, ते त्याला सांगावं लागत नाही. सातही सीट त्याच्याच गावच्या आहेत.

तो फोन काढून मालकाशी बोलतो. बराच वेळ "व्हय... न्हाय... दादा, तार दिसायलीय" एवढंच ऐकू येतं. मग फोन ठेवून म्हणतो, "बुश टाका. दोन टायर टाका."

पोरगा गोदामातून टायर आणतो. मिस्त्री ड्रायव्हरला बाजूवरचे चार आकडे वाचायला लावतो. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर याच वर्षाचे आहेत. मग वाद सुरू होतो तो नवी जोडी कुठं बसवायची यावर. ड्रायव्हर म्हणतो पुढं, मिस्त्री म्हणतो मागं. पावसात मागची पकड सुटली तर गाडी गरकन फिरते आणि ती सावरणं फार अवघड असतं, म्हणून टायर कंपन्याही नवी जोडी मागंच बसवायला सांगतात. मिस्त्री बरोबर आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या 'नवा टायर पुढं' हेच ऐकत आलेल्या माणसाला ते पटवताना त्याला चहा मागवावा लागतो.

बुश बसवून गाडी पुन्हा पिटवर येते. या वेळी पोरगा तीनदा ढकलतो, आकडा जागचा हलत नाही. मिस्त्री बिल लिहितो आणि ड्रायव्हर ते ओळीओळीनं वाचतो. बुशची जोडी, त्याची मजुरी आणि अलाइनमेंट, तिन्ही मिळून एका नव्या टायरच्या किमतीच्या निम्म्यावरही जात नाहीत.