दोनशे किलो आणि एक बाई

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी फाटकाच्या आत जुनी गोधडी अंथरते आणि तिच्यावर माझी बाइक मुद्दाम आडवी पाडते. मदिनत सुलतान काबूसमधल्या शेजाऱ्यांना आता याची सवय झाली आहे. मस्कतमधली ही वस्ती १९७०च्या दशकात उभी राहिली. तपकिरी, उघड्याबोडक्या टेकड्या, त्यांच्या कुशीत पांढरी घरं आणि बराचसा परदेशी शेजार. इथल्या गल्लीत एका सांगलीकर बाईने धडधाकट गाडी लोळवावी आणि पुन्हा उभी करावी, हे सुरुवातीला त्यांना चमत्कारिक वाटायचं.

गाडीचं वजन २०० किलोच्या आसपास. ती दंडाच्या जोरावर उचलायला गेलं की कंबर धरते. आधी गिअर टाकायचा, म्हणजे चाक फिरणार नाही. उजव्या अंगाला पडली असेल तर डावीकडचा साइड स्टँड आधीच उघडून ठेवायचा, नाहीतर उभी केलेली गाडी पलीकडे कलंडते. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवायचं. मग गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला बूड टेकवायचं, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागचा कॅरियर धरायचा, आणि गुडघ्यांतून जोर लावत चिमणीच्या पावलांनी मागे सरकत जायचं. उचलतात ते पाय, हात नुसते धरून असतात.

सामान बांधून हेच पुन्हा करते. उठली नाही तर एक पिशवी कमी. एकटीच्या प्रवासाचं माझं सगळं नियोजन एवढंच आहे. नकाशा, हॉटेल, फोटो यांवर लोक रात्री जागवतात. मी वजनकाट्यावर जागते. ६ लिटर पाणी म्हणजे ६ किलो, त्याला तडजोड नाही. टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप, पंक्चरचं सामान, चेनचं तेल. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, कारण दशमी चार दिवस तक्रार करत नाही. आईच्या फोननंतर तहानलाडू-भूकलाडूंचा डबाही आला. "अगं, पण सोबत कोण आहे?" हा तिचा प्रश्न दर वेळी असतो, आणि त्याचं उत्तर मी दर वेळी लाडवांवर नेते.

वाट साधारण ९०० किलोमीटरची: किनाऱ्याने सूर, तिथून शर्कियाची वाळू, मग निझवा, जबल शम्स आणि परत घर. डिसेंबर-जानेवारी सोडून हे करू नये. याच किनाऱ्यावरच्या कुरियातमध्ये जून २०१८ मध्ये अख्ख्या २४ तासांत पारा ४२.६ अंशांच्या खाली उतरलाच नव्हता. सर्वांत उष्ण किमान तापमानाचा तो जागतिक विक्रम ठरला. हवा अंगापेक्षा गरम असली की वारा गार करत नाही, भाजतो. नवखा माणूस जॅकेट उघडतो. घाम क्षणात उडून जातो आणि मागे राहते ती भट्टी. अशा वेळी आतला टीशर्ट ओला करायचा आणि जॅकेटची चेन वर ओढायची.

कुरियातपासून सूरपर्यंत डावीकडे समुद्र आणि उजवीकडे पूर्व हजरचे डोंगर. रस्ता देखणा आहे, त्यामुळे त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वाऱ्याचे फटके बसतात आणि हेल्मेटच्या काचेवर खारट पापुद्रा चढतो. तो कोरडा पुसला तर ओरखडे पडतात, म्हणून पुसायलाही पाणी लागतं. आतल्या जुन्या रस्त्यांवर वादी, म्हणजे एरवी कोरडं असणारं नदीपात्र, ओलांडताना कडेला लाल-पांढरे खांब दिसतात. पाणी लाल पट्ट्याला लागलं की थांबायचं, हा साधा हिशेब. डोंगरात पडलेला पाऊस खाली ऊन असतानाही येतो.

सूरला लाकडी गलबतं बांधतात. या कारखान्यांना लागणारं सागवान पिढ्यान्‌पिढ्या मलबारहून यायचं. तिथे एक म्हातारा सुतार फळीवर हात फिरवून ती बाजूला ठेवत होता. का ठेवली, ते विचारायची भाषा माझ्याकडे नव्हती.

बिदियापाशी डांबर संपलं आणि खरं काम सुरू झालं. शर्कियाच्या उत्तर भागातल्या टेकड्या उत्तर-दक्षिण अशा लांबलचक रांगांत पडल्या आहेत, काही १०० मीटर उंच. दोन रांगांमधल्या खोलगट पट्ट्यातून गाड्यांच्या चाकोऱ्या जातात. आत शिरण्यापूर्वी टायरची हवा ३४ वरून २० पौंडांवर आणली. टायर बसका झाला की वाळूवर पसरून चालतो, रुतत नाही. मग फूटरेस्टवर उभं राहायचं, वजन मागे, नजर लांब, आणि रेस सोडायची नाही. पुढचं चाक डोलतं, त्याला डोलू द्यावं. हँडल घट्ट धरून त्याला सरळ करू पाहणारा हमखास पडतो.

मी पडले ते याच चुकीने. समोरून आडवी चाकोरी आली, पोटात गोळा आला, रेस सुटली. गाडी अलगद उजवीकडे झोपली, जणू गोधडीच आहे.

इंजिन बंद. पेट्रोल झिरपत होतं, म्हणून दोन मिनिटं लांब उभी राहिले; शांतता इतकी की कानात स्वतःचंच रक्त ऐकू येत होतं. मग पिशव्या सोडल्या आणि साइड स्टँड उघडला. पहिल्या प्रयत्नात पायच रुतले. फाटकातल्या फरशीने हे शिकवलं नव्हतं. बुटांनी वाळू दाबून दाबून पायरीसारखी कडक केली, तिथे टाचा रोवल्या, आणि दुसऱ्या खेपेला गाडी उठली. पण वाळूत स्टँड खाली जातो, त्याला चपटं काहीतरी लागतं. मी दशम्यांच्या डब्याचं स्टीलचं झाकण खाली सरकवलं. दोनशे किलो त्या झाकणावर टेकले.

तेव्हा कुठे टेकडीच्या अंगाला उभी असलेली पिकअप दिसली. तिच्यातून एक बदू गृहस्थ थर्मास घेऊन उतरले. "उख्ती (ताई), पानी है?" त्यांनी विचारलं. हो म्हटल्यावर त्यांनी छोट्या कपात वेलदोड्याचा कहवा ओतला आणि खजूर पुढे केले. पडताना पाहिलं होतं, हातवारे केले असते तर लगेच आलो असतो, असं त्यांनी तोडक्या हिंदीत सांगितलं. वाट पाहण्याची ही रीत मला आवडली. मी एक लाडू दिला. तो त्यांनी अर्धा खाल्ला आणि उरलेला कागदात बांधून खिशात ठेवला, म्हणजे बहुधा आवडला नसावा.

हवा पुन्हा भरून मी निझव्याकडे निघाले. वाटेत बिरकत अल मौजपाशी जबल अखदरचा फाटा लागतो. तिथल्या चौकीवर फोर बाय फोर नसलेल्या मोटारी परत पाठवतात. वर डाळिंबांच्या बागा आहेत. आपल्याकडच्या डाळिंबांत 'मस्कत' नावाचा वाण आहे, ते मला इथे आल्यावर आठवलं. मी मात्र सरळ जबल शम्सचा घाट धरला. दर हजार मीटरला साधारण सहा अंश उतरतात. दरीच्या काठाला, दोन हजार मीटरच्या आसपास पोचले तेव्हा काट्यावर तोलून परत ठेवणार होते तो स्वेटर अंगात होता. खाली सुमारे एक किलोमीटर खोल दरी. कठड्याशी एक पोरगा शेळीच्या केसांचे गालिचे विकत होता. गालिचा सुंदर होता, पण हाताने तोलून पाहिला आणि खाली ठेवला. पोराला वाटलं, मी भाव करते आहे.

उतारावर वजन वैरी होतं. सतत ब्रेक धरला तर तो तापून नरम पडतो, म्हणून खालचा गिअर टाकून इंजिनलाच गाडी अडवू द्यायची.

घरी पोचल्यावर दोन तास एअर फिल्टर झटकण्यात आणि चेनमधली वाळू ब्रशने काढण्यात गेले. झाकण मधोमध वाकलं आहे, आता ते डब्यावर बसत नाही. आईला सांगितलेलं नाही. डबा स्वयंपाकघरात बिनझाकणाचा आहे, आणि झाकण सीटखाली, पंपाच्या शेजारी.