पिशवीतली ईसीजीची पट्टी

निफाडच्या कुठल्याही दवाखान्यात सकाळी तासभर बसलं की हे दृश्य दिसतं. सत्तरीकडे झुकलेले बाबा येतात, हातात मेडिकलची कॅरीबॅग. तीत तीन दवाखान्यांचे केसपेपर, गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि घडी पडलेली ईसीजीची पट्टी. हा कागद उष्णतेवर छापला जातो, त्यामुळे काही वर्षांत रेघ फिकी पडते. आणि कित्येकदा आजाराचा एकमेव पुरावा त्या रेघेतच असतो.

तो आजार म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, डॉक्टरांच्या बोलण्यातलं ‘एएफ’. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. नाडी मग कशीही पडते: दोन ठोके लगबगीनं, मग थांबा, मग पुन्हा तीन. वरच्या डाव्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखा एक खिसा असतो. तिथे रक्त साकळतं आणि गुठळी सुटून मेंदूकडे गेली की अर्धांगवायू. हा धोका सुमारे पाचपट वाढतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांनी तो बराच खाली येतो, पण त्यासाठी रुग्ण आधी सापडायला हवा. अनेकांना काहीच त्रास होत नाही. कुणाला धडधड होते, कुणाला दम लागतो, आणि बागेतल्या छाटणीचा थकवा म्हणून ते सोडून दिलं जातं.

दवाखान्याच्या नोंदी संगणकावर असतील तर तिथून असे रुग्ण वेचता येतात. सगळ्यात सोपी खूण निदानाच्या संकेताची. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या आजार-वर्गीकरणात या आजाराचा क्रमांक ‘आय ४८’ आहे. पण एकदा दिसलेल्या क्रमांकावर विसंबता येत नाही. शंका आली, तपासणी झाली, काही निघालं नाही, तरी क्रमांक तसाच राहतो. म्हणून बाह्यरुग्ण विभागात तो निदान दोन वेगळ्या भेटींत हवा, किंवा रुग्ण दाखल असताना लिहिलेला हवा, अशी अट घालतात.

दुसरी खूण गोळ्यांची. डिगॉक्सिन, वॉरफरिन, अपिक्साबान ही नावं चिठ्ठीत दिसली की कान टवकारावेत. मात्र डिगॉक्सिन हृदय कमजोर झालेल्यांनाही देतात, वॉरफरिन कृत्रिम झडप बसवलेल्यांना, आणि अपिक्साबान पायाच्या नसेत गुठळी झालेल्यांनाही. गोळी नुसता इशारा देते.

तिसरी खूण डॉक्टरांनी लिहिलेल्या मजकुराची, आणि खरी कसरत इथे आहे. संगणकाला ‘एएफ’ शोध म्हटलं तर तो क्षयरोगाच्या थुंकी तपासणीतला ‘एएफबी’ उचलतो, तापाच्या रुग्णाचा ‘एएफआय’ उचलतो आणि गरोदर बाईच्या सोनोग्राफीतला, गर्भजल मोजणारा ‘एएफआय’सुद्धा. ‘एएफ नाही’ असं स्वच्छ लिहिलेला कागदही तो आजाऱ्यांच्या यादीत टाकतो. म्हणून आजूबाजूचे शब्द, नकार, ‘शंका’, ‘पूर्वी होता’ हे सगळं वाचायला त्याला शिकवावं लागतं.

सगळ्यात भरवशाची खूण ईसीजीचीच: नेहमीची ‘पी’ लहर गायब, आणि ठोक्यांमधली अंतरं कुठल्याच नियमात न बसणारी.

या खुणा एकत्र करून नियम बनतो. लासलगावला कांद्याची प्रतवारी पाहिलेल्याला त्याची अडचण लगेच कळेल. हात कडक ठेवला तर चांगला माल गोल्टीत, म्हणजे बारीक कांद्यात, जातो, सैल सोडला तर गोल्टी चांगल्या मालात येते. संगणकाचा नियम कडक केला तर खरे रुग्ण निसटतात, सैल केला तर आजार नसलेल्यांना नाहक घोर लागतो. म्हणून काही केसपेपर डॉक्टरांनी स्वतः वाचून नियम किती वेळा चुकला ते मोजायचं असतं.

परदेशात बेतलेला नियम इथे जसाच्या तसा लावू नये, असं माझं ठाम मत आहे. तिकडे हा मुख्यतः म्हाताऱ्यांचा आजार धरतात, म्हणून ६५ च्या पुढचेच तपासण्याकडे कल. आपल्याकडे लहानपणीच्या संधिवाती तापानं झडपा बिघडलेले रुग्ण अजून बरेच आहेत. भारतातल्या हृदयतालतज्ज्ञांच्या संघटनेनं ठेवलेल्या एएफच्या नोंदवहीत जवळपास निम्मे रुग्ण असेच होते आणि सरासरी वय ५५ च्या आसपास. वयाची चाळणी लावली तर चाळिशीतली, आकुंचलेल्या झडपेची शेतमजूर बाई पहिल्याच फेरीत गळते. तिचं औषधही वेगळं ठरतं: २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत अशा रुग्णांना नव्या रिव्हरॉक्साबानपेक्षा वॉरफरिनच्या जातीची जुनी गोळी सरस ठरली.

आता बाबांच्या पिशवीतल्या त्या तीन दवाखान्यांच्या केसपेपरांचा प्रश्न. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ च्या सप्टेंबरात देशभर सुरू झालं. त्यातल्या १४ अंकी ‘आभा’ क्रमांकाखाली वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी, रुग्णाच्या संमतीनं, एकत्र पाहता येतात. पण क्रमांकाला कागद जोडलेच नाहीत तर तो रिकामाच. शिबिरात बीपी मोजतात, यंत्र नाडीचा आकडाही दाखवतं, आणि वहीत फक्त बीपी उतरतो. नाडी ‘नियमित’ की ‘अनियमित’ हा एक शब्द तिथे पडला असता तर संगणकाला पाचवी खूण मिळाली असती.

यादी तयार झाली म्हणजे निदान झालं असं नव्हे. नाव निघालं की माणसाला बोलवायचं, मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी पाहायची, बेताल वाटली तर ईसीजी काढायचा. काहींचा एएफ येतो नि जातो, म्हणून आज ताल सुरळीत लागला तरी नाव खोडू नये. अशा वेळी बाबांच्या पिशवीतली ती फिकट पट्टी उजेडात धरून मोबाईलवर तिचा फोटो घ्यावा, तारखेसह नोंदीला जोडावा.