माठाचं कूळ

दिवाळीच्या अंकात उन्हाळी फुलांवर लेख कशाला, असं संपादकांनी फोनवर विचारलंच. त्यांना म्हटलं, अहो, उन्हाळ्याची बाग दिवाळीतच ठरते. कोंबड्याचं, बटणफुलाचं बी आत्ता पिकतंय. आत्ता पुडी बांधली नाही तर फेब्रुवारीत नर्सरीवाल्यापुढे उभं राहावं लागतं, आणि तो आपल्या हातात पिटुनिया ठेवतो.

माझं जुनं भांडण इथूनच सुरू होतं. बागकामाच्या पुस्तकांत उन्हाळी हंगामी फुलांची जी यादी छापून येते, ती मुळात विलायती उन्हाळ्याची. लंडनचा जुलै नागपूरच्या डिसेंबरपेक्षाही थंड. त्यामुळे त्यांची उन्हाळी फुलं ती आपली हिवाळी: पॅन्सी, पिटुनिया, फ्लॉक्स, डायअँथस. होळी पेटली की त्यांचा मुक्काम संपला. हे न समजता यादी जशीच्या तशी मराठीत उतरवणारे लेखक दरवर्षी नव्याने निघतात. त्यांतल्या एकाने मला भर सभेत ‘उन्हाळा म्हणजे उन्हाळाच की हो’ असं सुनावलं होतं. त्यांनी नवतपा कधी नागपुरात काढला नसावा. मे संपता संपता पारा पंचेचाळिसाला टेकतो, तेव्हा कुठला उन्हाळा हे झाडाला बरोबर कळतं.

नेहमीची मंडळी भराभर उरकतो. झिनिया मेक्सिकोचा, उन्हाला खमका. बी जागच्या जागी टाका, रोप उपटून लावलेलं त्याला खपत नाही. पावसाळी दमट हवेत पानांवर भुरी आली की त्याचा निरोप घ्यावा. सूर्यफूल दोन महिन्यांत फुलून मोकळं होतं, त्यात लिहिण्यासारखं फार नाही. पिवळा-केशरी कॉसमॉस लावायची तर आता सोयच उरली नाही. तो बागेतून निसटून टेकड्यांवर पसरलाय आणि लोक तिथे जाऊन फोटो काढतात. कौतुक कसलं त्यात? रानातल्या गवताची, तेरड्याची जागा त्याने घेतली.

दोघांची शिफारस मात्र मनापासून. पहिला गलांडा, म्हणजे गेलार्डिया. हारवाल्यांनी त्याला जगवलंय, बागवाल्यांनी नाही. हलकी मुरमाड जमीन, बेताचं पाणी, तरी फुलं थांबत नाहीत. दुसरी सदाफुली. मूळची मादागास्करची, पण पडक्या भिंतीच्या फटीत उगवलेली पाहिली की इथलीच वाटते. व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही कर्करोगावरची औषधं तिच्यातच सापडली. ती उन्हाने मरत नाही, आपल्या मायेने मरते: रोज पाणी घातलं की मूळ कुजतं.

आता माझ्या लाडक्यांकडे येतो.

मराठीत माठ तीन. एक पाण्याचा, एक भाजीचा, आणि तिसरा माझ्यासारखा, चाळीस वर्षं एकच गोष्ट सांगणारा. यांतला भाजीचा माठ हा उन्हाळी बागेचा मूळपुरुष, हे माझं म्हणणं. माठ, राजगिरा, तांदुळजा, गणपतीच्या पत्रीतला आघाडा, रानभाजीतला कुरडू हे सगळं एक कूळ. कुरडूचाच बागेतला भाऊ म्हणजे कोंबडा, मखमली तुरेवाला. हिरव्या गोळ्यासारखा वाढणारा कोचियाही याच घरातला. आणि घराची धाकटी लेक म्हणजे गॉम्फ्रेना, आमचं बटणफूल. ऑफिस टाइम, ज्याला कुणी चिनी गुलाब म्हणतात, तो सख्खा नाही, चुलत घरातला. पण त्याची घरची बहीण घोळ भाजीच्या टोपलीत माठाशेजारीच बसते.

या मंडळींच्या अंगात दोन गुण आहेत. पहिला दिसतो. कोंबड्याचा लाल, बटणफुलाचा जांभळा, चिनी गुलाबाचा राणी रंग हे सगळे बिटाच्या जातीचे रंग. गुलाबाचा, जास्वंदीचा लाल वेगळ्या द्रव्याचा. ही दोन्ही द्रव्यं एकाच झाडात आजवर सापडलेली नाहीत. उन्हाळ्यात आपल्या डोळ्यांना सुखावणारी बोगनवेल आणि गुलबक्षीही बिटाच्याच पंगतीतल्या.

दुसरा गुण पानात दडलेला. कडक उन्हात बहुतेक झाडांचं पान हवेतल्या कर्बवायूऐवजी चुकून प्राणवायू पकडतं आणि केलेली मेहनत वाया घालवतं. ज्वारी, बाजरी, ऊस यांनी त्यावर तोड काढली: आधी कर्बवायू एका पेशीत गोळा करायचा, मग आतल्या पेशीत दाटीने पुरवायचा. हॅच आणि स्लॅक या दोघांनी १९६६ साली ऑस्ट्रेलियात उसाच्या पानावर काम करून हा मार्ग उलगडला. माठ, बटणफूल, कोचिया आणि चिनी गुलाब याच शाळेत शिकलेले. पानाची रंध्रं थोडी उघडली तरी यांचं भागतं, म्हणून पाणी कमी उडतं. घोळीची तर त्याहून कमाल. पाण्याची फारच ओढ पडली की ती रात्री रंध्रं उघडून दिवसाची बेगमी करून ठेवते. कोंबडा या शाळेत गेला नाही, तरी घरचा काटकपणा त्याच्यात आहेच.

म्हणून मी म्हणतो, ज्वारीच्या मुलखात ज्वारीसारखं वागणारं फूल लावा.

बटणफुलावर आईचा जीव होता. त्याचा जांभळा गोंडा हे खरं फूलच नव्हे, ती कागदासारखी उपदलं. खरी फुलं आत, तांदळाच्या कणीएवढी. म्हणून ते खुडलं तरी कोमेजत नाही. तमिळनाडूत त्याचं नावच वाडामल्ली, न कोमेजणारी. नेपाळात भाऊबीजेला बहीण भावाच्या गळ्यात याचीच माळ घालते. आई सुकलेली बोंडं तळहातावर वाळूबरोबर चोळायची, कापूस सुटून बी मोकळं व्हायचं, आणि जुन्या पेपरच्या पुड्या आळीभर फिरायच्या. कुणाच्या अंगणात कुणाचं बी फुललंय हे सगळ्यांना ठाऊक असायचं.

आता आळीत पेव्हर ब्लॉक आहेत. बी चकचकीत पाकिटात येतं, संकरित असतं, आणि त्याचं बी धरलं तर पुढच्या वर्षी वेगळंच काहीतरी उगवतं. काही वर्षांपूर्वी एका सार्वजनिक बागेत मी हौसेने बटणफुलाचा ताटवा करून दिला होता. मार्चमध्ये कुणी साहेब येणार म्हणून तो उपटून पिटुनियाच्या दोनशे कुंड्या मांडल्या. साहेब दहा मिनिटं थांबले, पिटुनिया पंधरा दिवस. मग एप्रिलपासून तिथे नुसती माती आणि हिरवी जाळी. जाळीपंथीयांशीही माझं जमत नाही. ज्या फुलाला जाळी लागते ते उन्हाळी फूल कसलं? चिनी गुलाब तर ढगाळ दिवशीही उघडत नाही, त्याला सावलीत ठेवून काय साधणार?

आणखी एक तक्रार कुलरच्या पाण्याची. पाणी वाया जाऊ नये म्हणून टाकीचा गाळसाळ कुंड्यांत ओतणारी घरं मी पाहिली आहेत. दिवसभर पाणी उडून क्षार मात्र टाकीत साठत गेलेले असतात. आधीच बोअरचं जड पाणी, त्यात हे. पानांच्या कडा करपतात आणि दोष उन्हावर जातो.

अकोल्याला माझी बहीण आहे. भाऊबीजेला ओवाळून झालं की मी तबकात पाकिटाबरोबर एक पुडीही ठेवतो. ‘दादा, परत तेच जांभळं?’ असं ती दरवर्षी म्हणते आणि पुडी देव्हाऱ्याच्या खणात टाकते. मागच्या मेमध्ये तिने फोन केला. गच्चीवरचं बाकी सगळं गेलं होतं. पुढे काही बोलली नाही, एवढंच विचारलं, ‘याचं बी कधी धरायचं?’

यंदाच्या पुडीवर मी लिहून ठेवलंय: होळीच्या आत पेर. कुलरचं पाणी घालू नकोस.