बाग कागदावर उतरण्यापूर्वीं

घर बांधावयाचें ठरलें कीं आपण स्थापत्यविशारदाकडे जातों. परंतु घराभोंवतीं जी मोकळी जागा उरते, ती मात्र माळ्यावर सोंपवून स्वस्थ होतों. सहा महिने फुलें दिसतात. मग एका उन्हाळ्यांत हिरवळ करपते, पावसाळ्यांत अंगणांत तळें सांचतें, आणि हौसेनें लावलेला आंबा खिडकी झांकूं लागतो. हा दोष माळ्याचा नव्हे. रचना ठरविणें हें त्याचें कामच नव्हतें. तें काम ज्याचें, त्यास लँडस्केप आर्किटेक्ट म्हणतात. आपण त्यास उद्यानरचनाकार म्हणूं. त्याचें साहाय्य कसें घ्यावें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

पुष्कळ गृहस्थ त्याच्याकडे जातांना एखादें चित्र बरोबर नेतात आणि 'अशी बाग करून द्या' म्हणून सांगतात. वैद्याकडे जाऊन दुखणें न सांगतां औषधाचें नांव सांगण्यासारखेंच हें आहे. रचनाकारास हवी असते ती घराची दिनचर्या. सकाळीं अंगणांत कोण बसतें? वृद्ध आईस काठी टेकीत फिरावयाचें असेल, तर पायऱ्यांऐवजीं सौम्य उतार हवा, आणि वाट दोन माणसें जोडीनें चालतील एवढी रुंद हवी. मुलें खेळणार कोठें? वाळवणाची आणि धुण्याची जागा कोणती? झाडांची निगा कोण राखणार, आणि रोज किती वेळ? या शेवटल्या प्रश्नाचें उत्तर संकोच सोडून खरें द्यावें. रोज अर्धा तासच देतां येत असेल, तर तेवढ्यांत सांभाळली जाईल एवढीच बाग मागावी.

त्याचे दुसरे प्रश्न जागेला असतात. पुण्याचेंच उदाहरण घ्या. हिवाळ्यांत माध्यान्हींचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून घराची उत्तरेची बाजू सावलींत राहते. मे महिन्याच्या मध्यास तोच सूर्य माथ्यावर येतो, आणि जूनमध्यें किंचित् उत्तरेस झुकतो. डिसेंबरांतल्या सावलीवर विसंबून तेथें लावलेलीं नाजूक रोपें त्यामुळें उन्हाळ्यांत होरपळतात. जमीन काळी असेल तर ती पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. पक्क्या पायावांचून तिच्यावर फरसबंदी टिकत नाहीं. रोपट्याच्या आकारावरहि जाऊं नये. फळबागेंत आंब्याच्या दोन झाडांमध्यें १० मीटर अंतर सोडण्याची रूढ पद्धत आहे, यावरून वाढलेल्या झाडास जागा किती लागते हें कळेल. १०० चौरस मीटर छपरावर वर्षांत ७०० मिलिमीटर पाऊस पडला, तर तें ७०,००० लिटर पाणी होतें. तें कोठें न्यावयाचें, हें प्रथमच ठरलें पाहिजे. गच्चीवर बाग करावयाची असेल तर आधीं अभियंत्यास विचारावें; कारण ३० सेंटीमीटर जाडीची ओली माती दर चौरस मीटरास सुमारें ५०० किलो भरते.

मालक आणि रचनाकार यांचें मनोगत एक कसें व्हावें, याचा एक जुना दाखला इंग्लंडांत सांपडतो. हंफ्री रेप्टन (१७५२–१८१८) यानें १७८८ मध्यें हा व्यवसाय आरंभिला. मालकासाठीं तो एक सचित्र हस्तलिखित तयार करी. त्यांच्या तांबड्या बांधणीमुळें तीं 'तांबडीं पुस्तकें' म्हणून प्रसिद्ध झालीं. चित्रावर कागदाची एक झडप असे. ती मिटलेली असतां जागा आहे तशी दिसे. उचलली कीं पुढें कशी होईल तें दिसे. कुऱ्हाड चालण्यापूर्वींच मालकास विचार करतां येई. परंतु काम करवून घेणें रेप्टन बहुधा मालकावरच सोंपवी, आणि त्याच्या अनेक योजना सर्वस्वीं वा अंशतः पुस्तकांतच राहिल्या.

यांतून दोन गोष्टी शिकावयाच्या. नकाशा समजला नसेल तर समजला असें म्हणूं नये. जमिनीवर चुन्याच्या रेघा आंखून आणि झाडांच्या जागीं खुंट्या ठोकून दाखवावयास सांगावें. त्या रेघांवरून आईस एकदां चालवून पाहावें. दुसरें असें कीं, देखरेख किती काळ, खर्च किती, आणि मेलेलें रोप कोणी बदलावयाचें, हें आरंभींच लेखी ठरवावें. आधीं बांधकामाचा राडारोडा काढावा, मग जमिनीचा उतार आणि नळ, मग चांगली माती, आणि पावसाच्या आरंभीं लागवड, असा क्रम ठेवावा. पैसा अपुरा असेल तर आराखडा संपूर्ण करवावा, आणि वाटा, ओटे, मांडव यांचें काम दोनतीन वर्षांत वांटून घ्यावें. मोठीं झाडें मात्र पहिल्याच पावसाळ्यांत लावावींत. ओटा मागाहून बांधतां येतो. झाडाचीं गेलेलीं वर्षें परत येत नाहींत.

आणि जागेवर एखादें जुनें निरोगी झाड उभें असेल, तर नकाशावर सर्वांत आधीं तें मांडावयास सांगा. त्याच्या बुंध्याशीं मातीची भर घालूं देऊं नका, आणि मुळांवर विटा रचूं देऊं नका. नव्या झाडाची सावली नातवंडांस मिळेल. आईस मिळावयाची ती याच झाडाची.